दार उघडं ठेवायचं की लावायचं

हवालदारांनी ग्लास उचलला, नाकाशी नेला, हुंगला आणि मला विचारलं, "यात काय घातलंय?"

"मनुका," मी म्हणाले. "काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. दुसरं काही नाही. साखरसुद्धा नाही."

"आणि हे?"

"पाव. कोपऱ्यावरच्या बेकरीतला. कडा काढून तुकडे केलेत."

2022 सालच्या नोव्हेंबरातला पहिला रविवार होता तो. आम्ही ख्रिस्ती. पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी पाव आणि द्राक्षाचा रस सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आमच्या तालुक्याच्या गावात मंडळी लहान, स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नाही. नगरकडून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मोटारसायकलवर येतात आणि माझ्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून आम्ही सतरा-अठरा माणसं बसतो. पेटी आहे, टाळ आहेत. बाकीच्या रविवारी आम्हीच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो, गीतं म्हणतो, आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो आणि चहा पिऊन उठतो. मी सरकारी दवाखान्यात 33 वर्षं नोकरी केली. गल्लीत मला नावानं कुणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे सिस्टरच म्हणतात.

त्या संध्याकाळी आधी सात-आठ पोरं दारात आली. दोघांना मी ओळखत होते. एकाला पोलिओचे डोस मीच पाजले होते. मोबाईल वर धरून ती शूटिंग करत होती आणि आत बसलेल्या बायकांना विचारत होती, "किती मिळाले? दहा हजार मिळाले का?" पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. आदल्या दिवशीच ठाण्यात अर्ज गेला होता म्हणे.

तो अर्ज नंतर मला वाचून दाखवला. माझ्या घरी गोरगरिबांना माणशी दहा हजार देऊन बाटवलं जातं, दवाखान्यातल्या जुन्या ओळखीवर मी आजारी माणसं हेरते, प्रसाद म्हणून गुंगीचं औषध पाजते आणि देवदेवतांना शिव्या देते, असं त्यात होतं. खाली सही नव्हती. "एक जागरूक नागरिक," एवढंच.

हवालदार म्हणाले, नमुना घ्यावा लागेल. बाटली त्यांच्याकडे नव्हती. मी आत जाऊन औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्यानं धुतली, त्यात रस भरला, बूच लावलं आणि सवयीनं हात चिकटपट्टीकडे गेला. तुकडा फाडून बाटलीवर चिकटवला, त्यावर तारीख, वेळ आणि "मनुकांचा रस" असं लिहिलं. जन्मभर मी लोकांच्या रक्तालघवीच्या नमुन्यांवर अशाच पट्ट्या लावल्या. त्या दिवशी प्रभूच्या मेजावरच्या प्याल्याला लावली. अक्षर वाकडं आलं, तेव्हा मला कळलं की माझा हात थरथरतोय.

ठाण्यात आम्ही तिघं होतो, पाळकसाहेब, माझे दीर आणि मी. रात्री साडेदहा वाजले. जबाब घेणाऱ्या साहेबांनी मंडळीची हिशेबाची वही मागवली. ती वही मीच लिहिते. ऑक्टोबरच्या पानावर जमेला 1,260 रुपये होते. खर्चाला मनुका 90, पाव 40, पाळकसाहेबांचं पेट्रोल 300 आणि एका बाईच्या एक्स-रेचे 400. साहेबांनी त्या 400 वर बोट ठेवलं. "हे काय? हीच लालूच ना?" ती बाई आमच्याच मंडळीतली. तिच्या आजीची आजी ख्रिस्ती झालेली. तिला कशाची लालूच दाखवायची? हे मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, आणि तिचं नाव आणि पत्ताही लिहून घेतला. ती भाजी विकते. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

गुन्हा दाखल झाला नाही. तीन दिवसांनी मला आणि पाळकसाहेबांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली ताकीद देणारी पोलिसांची नोटीस मिळाली. आपल्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, अशा अर्थाची. कोणतं कृत्य ते त्यात नव्हतं. बाटलीचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. अर्ज कुणी केला याची चौकशी झाली नाही. भेटेल तो म्हणायचा, "सुटलात सिस्टर, थोडक्यात निभावलं." पण व्हिडिओ गावभर फिरतच होता. त्यात माझा चेहरा आहे, सतरंजी आहे, पावाची ताटली आहे, आणि मागून कुणीतरी विचारतंय, किती मिळाले? माझं उत्तर त्यात नाही. मी उत्तर दिलं होतं, ते कापलं.

मुलगा पुण्याहून धावत आला. म्हणाला, "आई, दार लावून घेत जा. पेटी नको, टाळ नको. हळू आवाजात काय ते करा." मला त्याचा राग आला नाही. त्याची भीती पोकळ नव्हती, आणि माझ्या पोटातही तीच भीती होती. 1999 च्या जानेवारीत तो शाळकरी पोर होता. ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या गाडीत झोपलेले असताना जाळलं, सोबत फिलिप आणि टिमोथी हे त्यांचे मुलगे होते, दहा आणि सहा वर्षांचे. तो माणूस 1965 पासून बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करत होता आणि त्याच्यावर ठपका होता धर्मांतराचा. ती बातमी आली तेव्हा वॉर्डात आम्ही तिघी सिस्टर ख्रिस्ती होतो. एकमेकींशी कुणी काही बोललो नाही, ड्रेसिंगचे ट्रे भरत राहिलो. घरी आले तर माझा मुलगा झोपला होता, त्याच्या अंगावर हात ठेवून मी बसून राहिले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्याच रोग्यांमध्ये पुढची काही वर्षं काढली, हे नंतर कळलं. माझ्याच्यानं ते झालं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

तर आम्ही दार लावलं. खिडक्याही लावल्या. सलग चार रविवार.

नाताळच्या सुट्टीत माझा भाचा आला. तो पुण्यात ईश्वरविज्ञान शिकतो. त्यानं मला एक जुनं पत्र वाचून दाखवलं, मराठी करत करत. प्लिनी नावाचा रोमी सुभेदार, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात बिथुनिया-पंत प्रांतावर नेमलेला. इसवी सन 112 च्या आसपास त्यानं सम्राट ट्राजन याला लिहिलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करू. त्याच्याकडे एक यादी आली होती, पुष्कळ नावांची. यादीखाली कुणाचं नाव नव्हतं.

मी भाच्याला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. निनावी होती ती यादी.

त्या काळी ख्रिस्ती लोकांबद्दल काय काय बोललं जाई! मूर्ती नाहीत म्हणून नास्तिक. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि लग्नंही करतात, म्हणजे घरातल्या घरात व्यभिचार. ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून काही खातात, म्हणजे माणसाचं मांस, लहान मुलांचं. प्लिनीनं चौकशी केली. ज्यांनी विश्वास सोडला होता त्यांनी सांगितलं की ठरलेल्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत जमायचो, ख्रिस्ताला देव मानून गीत गायचो, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ घ्यायचो. मग निघून जायचो आणि पुन्हा जमून जेवायचो, आणि ते जेवण साधं, निरुपद्रवी असायचं. प्लिनीचा एवढ्यावर विश्वास बसला नाही. त्यानं दोन दासींना पकडून त्यांचे हाल केले. मंडळीत त्या सेविका होत्या. तरी त्याला हाती काही लागलं नाही, अतिरेकी अंधश्रद्धा एवढंच तो लिहितो.

त्या दोघींची नावं पत्रात नाहीत. मी त्यांच्याबद्दल पुष्कळ विचार करते. जेवणाची मांडामांड त्याच करत असतील. तुम्ही यात काय घालता, हे त्यांनाच विचारलं असणार. त्यांना फटके बसत असताना त्या काय म्हणाल्या असतील? पाव म्हणाल्या असतील, द्राक्षाचा रस म्हणाल्या असतील. त्याखेरीज सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच.

सम्राटाचं उत्तरही भाच्यानं वाचलं. यांना मुद्दाम हुडकत फिरू नका, आणि निनावी तक्रारी घेऊ नका, ती फार वाईट प्रथा आहे आणि आपल्या काळाला शोभत नाही. तो काही दयाळू नव्हता. आरोप सिद्ध झाला आणि माणूस विश्वास सोडेना, तर शिक्षा होतीच. पण निनावी अर्जाची जागा त्याला कळली होती. एकोणीसशे वर्षं झाली त्याला.

भाचा म्हणाला, "मावशी, ते पहाटे अंधारात जमायचे, म्हणून लोकांना वाटायचं काहीतरी लपवतायत."

म्हणजे दार लावलं तर हे. आणि दार उघडं ठेवलं तर काय होतं, ते मला आधीपासून माहीत होतं, कारण ती गोष्ट आमच्या घरात सांगितली जाते. माझ्या आईची आजी केडगावला वाढली. आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. 1900 च्या दुष्काळात ती सहा-सात वर्षांची पोर तिथं पोहोचली. आईबाप वाटेतच गेले होते. तिच्याकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे रमाबाईंच्या गोष्टी आल्या.

रमाबाईंनी मुंबईत 11 मार्च 1889 ला शारदा सदन काढलं, मुख्यतः विधवा मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीला जो आचार पाळायचा तो पाळू द्यायचा, असं ठरलेलं होतं आणि तसं चाललंही होतं. सोवळं पाळणाऱ्या मुलीला सोवळं पाळता येई. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या लेकीला, मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. आपली आई खोलीत काही करत असली की पोरं जशी उंबऱ्याशी येऊन बसतात, तशा काही मुली येऊन बसायला लागल्या. झालं. 1893 साली पुण्यात हलकल्लोळ उडाला. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला, 'केसरी' त्यात पुढे होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी येऊन बऱ्याच मुली काढून नेल्या.

रानडे-भांडारकर वाईट माणसं नव्हती, रमाबाईंना आधी त्यांनीच आधार दिला होता. आणि पुढे सदनातल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरं आहे, मी ते झाकणार नाही. पण त्याच सदनात पहिल्याप्रथम आलेली विधवा मुलगी गोदूबाई. तिनं तिथं शिक्षण घेतलं आणि त्याच 1893 साली मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे त्या. वर्षानुवर्षं रमाबाईंच्या छपराखाली राहून त्या हिंदूच राहिल्या. उघड्या दाराशी जिला बसायचं ती बसली, जिला नव्हतं बसायचं ती आपल्या अभ्यासाला गेली. आमच्या आईला आनंदीबाईंचं फार कौतुक होतं. ती म्हणायची, रमाबाईंच्या बाजूनं सगळ्यात मोठी साक्ष कर्व्यांच्या घरात होती.

आणि पणजीचं म्हणाल तर, हो, तिला मुक्तीत भाकरी मिळाली. आजकाल मोबाईलवर आम्हाला तांदळाच्या पोत्यावरून हिणवतात, आमच्या आज्या "भाकरीसाठी बाटल्या" असं पूर्वी म्हणत. पणजीला कुणी भाकरी दिली नसती तर ती मेली असती आणि मी हे लिहायला नसते. ती सत्तरी ओलांडून गेली, शेवटपर्यंत रोज पहाटे शास्त्र वाचायची. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत केलेलं शास्त्र 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापून पुरं झालं, त्याची प्रत तिच्या उशाशी असे. साठ वर्षं एखादी बाई एका भाकरीच्या मोबदल्यात पहाटे उठत नाही.

वडिलांकडची बाजू महारवाड्यातून आलेली. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत. ख्रिस्ती राहिल्यामुळे आमच्या घरातल्या चार पोरांनी अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली जागा सोडली. वडिलांना एकानं सरळ सुचवलं होतं, कागदावर धर्म बदला, घरात काय करायचं ते करा. वडील म्हणाले, "घरात एक आणि कागदावर एक, असं मला मास्तर म्हणून पोरांसमोर उभं राहता येणार नाही." आणि माझ्या सतरंजीवर माणशी दहा हजार वाटतात म्हणे!

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, तीही सांगते. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो, माझ्यामुळे लोक तुमच्याविरुद्ध लबाडीनं वाईट बोलतील तेव्हा तुम्ही धन्य. लबाडीनं. ते खोटं असेल तरच. नोटीस आल्यावर मी त्या एका शब्दापाशी रात्र-रात्र अडले. आमच्याकडून खरंच काही चुकलंय का? आणि मला 2019 सालची एक संध्याकाळ आठवली. बाहेरून आलेला एक प्रचारक माझ्याच खोलीत एका मधुमेही माणसाला म्हणाला होता, विश्वास असेल तर इन्शुलिन सोड. मी तिथंच उभी राहिले आणि म्हणाले, "इन्शुलिन सोडायचं नाही, प्रार्थनाही करा आणि सुईही घ्या." त्या प्रचारकाला आम्ही पुन्हा बोलावलं नाही. पण पाळकसाहेबांना मी ते त्या रात्री सांगितलं नव्हतं, चार दिवसांनी सांगितलं. तो माणूस मधल्या दिवसांत सुई घेत होता की नाही, हे मी घरी जाऊन पाहायला हवं होतं. गेले नाही. आजारी माणसाच्या भीतीचा फायदा घेणं, पैसे दाखवणं, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणं हे पाप आहे. आमच्यातलं कुणी तसं करत असेल तर पहिली तक्रार मी करीन, सहीनिशी.

समोरच्या काकूंबद्दल लिहायचं की नाही हे ठरत नव्हतं. त्यांच्या यजमानांना टीबी झाला तेव्हा सहा महिने गोळ्या माझ्यासमोर घेत होते, रोज माझ्या ओट्यावर बसून. त्या रविवारी पोलिसांनी काकूंना दारात उभं करून विचारलं, इथं पैसे वाटतात का? काकू म्हणाल्या, "मला काही माहीत नाही." खोटं बोलल्या नाहीत. पण पंचवीस वर्षं समोर राहतात. पोरांचं ओरडणं मी विसरले, ते वाक्य विसरता येईना. नंतर रस्त्यात दिसल्या की त्या पदर सारखा करत पलीकडे बघायच्या.

फेब्रुवारीत एका दुपारी त्या आल्या. काही न बोलता खुर्चीवर बसल्या आणि दंड पुढे केला. मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. 170 आणि 100. "मीठ कमी करा, उद्या सकाळी दवाखान्यात जा, मी चिठ्ठी देते," म्हणाले. त्यांनी चिठ्ठी घेतली. दारापर्यंत गेल्या, तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि गेल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अजून तसंच आहे. दर पंधरा दिवसांनी येतात.

त्या बंद दाराच्या चार रविवारांतला शेवटचा रविवार. पंखा गरगरत होता, तरी सगळे घामेघूम. गीत म्हणताना आवाज घशातच ठेवायचा, त्यामुळे कुणाचा सूर कुणाला लागत नव्हता. दिरांची नात सहा वर्षांची आहे. तिनं आजीच्या कानात विचारलं, पण सगळ्यांना ऐकू आलं, "आपण लपलोय का?"

कुणी उत्तर दिलं नाही. गीत संपेपर्यंत मी बसून राहिले. मग उठून कडी काढली.

आमच्यातल्या दोघांना ते पटलं नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. एकाचं दुकान आहे, घरात तरणी मुलगी आहे. ते आता नगरला उपासनेला जातात. भाजीवाली बाई मात्र परत आली, दाराजवळच्या जागेवर बसते. पाळकसाहेब येतात. पोरांपैकी एकजण, तो डोस पाजलेला, कधीकधी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघतो. परवा मी त्याला हात केला. त्यानं मान खाली घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

दार पश्चिमेला आहे. संध्याकाळी वारा सुटला की ते आपोआप लागतं. बांधकामावरून अर्धी वीट आणून ठेवली आहे. रविवारी सहा वाजता ती दाराला लावते आणि मग सतरंजी अंथरते.